दूरचित्रवाणीवरील खेळ आणि उजेडाचे माप

घरात नवी वस्तू आली की तिच्या पाठोपाठ एखादी नवी कुरबुरही उंबरठा ओलांडून आत येते, हा संसाराचा जुनाच अनुभव आहे. पुण्याला, हैदराबादेला किंवा बेंगळुरूला नोकरीस असलेला मुलगा दसरा-दिवाळीस गावी येताना मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी-संच आणतो, कधी हप्त्याने घेतो. आपल्या धाकट्या भावासाठी वा पुतण्यासाठी खेळाचे यंत्रही आणतो. संच भिंतीवर चढतो, पेढे वाटले जातात, आणि मग संचाच्या खोक्यावर ठळक छापलेली ‘एचडीआर’ ही तीन अक्षरे पडद्यावर चालू केली जातात. क्षणभर सारे घर टक लावून पाहते आणि आरामखुर्चीतून आवाज येतो, “अरे, एवढा पैसा घातलास आणि चित्र तर जुन्यापेक्षा अंधारंच दिसायलंय की!” नातू म्हणतो, “आजोबा, नवीन तंत्र आहे हे, जरा सवय होऊ द्या की.” परंतु त्याच्या मनातही शंका असतेच. खेळातील गुहेत पाऊल टाकावे तर पुढचे काही दिसत नाही, आणि गुहेबाहेर यावे तर आभाळाचा नुसता पांढरा पत्रा झालेला असतो.

भालकी असो, बसवकल्याण असो, औराद असो की आळंद असो, ह्या प्रकारची तक्रार आता आपल्या घरांना नवी राहिलेली नाही. दुकानदार म्हणतो, ह्याहून महागडा संच घ्यावयास हवा होता. शेजारी म्हणतो, संच परत करा. ज्याने पहिल्या कमाईतून हौसेने वस्तू आणली तो मुलगा मात्र आतल्या आत खट्टू होतो. आमचे म्हणणे असे की, दहांतील बऱ्याच घरी दोष संचाचा नसतो, मुलाचा नसतो आणि आजोबांच्या डोळ्यांचाही नसतो. संच, खेळाचे यंत्र आणि प्रत्यक्ष खेळ ह्या तिघांची उजेडाची मापे एकमेकांशी जुळलेली नसतात, एवढेच त्यामागचे कारण असते. ती मापे कशी जुळवावीत, हे ह्या महिन्याच्या लेखाचे प्रयोजन आहे.

प्रथम एचडीआर म्हणजे काय ते पाहू. कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशीद आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बहामनी राजवटीत १३६७ साली बांधलेल्या ह्या वास्तूचे वैशिष्ट्य असे की, तिला मोकळे अंगणच नाही. सारी मशीद छताखाली आहे. भर दुपारी आत उभे राहिले की कमानींमागे कमानींच्या रांगा सावलीत दिसतात आणि बाजूच्या खुल्या कमानींतून बाहेरचे रणरणते ऊनही दिसते. आपल्या डोळ्यांना दोन्ही एकदमच उमजतात. परंतु साध्या कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यावे तर एक तर आतील खांब काळेठिक्कर पडतात, नाही तर बाहेरचा उजेड पांढरा फटक होऊन त्यातील झाडे, भिंती, आभाळ सारे पुसले जाते. सर्वांत गडद सावली आणि सर्वांत प्रखर उजेड ह्यांमधील जे अंतर, त्यास प्रकाशाचा पल्ला म्हणावे. एचडीआर म्हणजे हा पल्ला वाढवून चित्र साठविण्याची व दाखविण्याची पद्धत होय.

हा उजेड मोजण्याचे एकक ‘निट’ हे आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक कॅन्डेला इतका प्रकाश येत असेल तर तो एक निट. जुन्या पद्धतीचे चित्र तयार करताना शुभ्र रंगाचे माप सुमारे १०० निट धरीत, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्यांत बसवीत. २०१४ साली अमेरिकेतील चलच्चित्र-अभियंत्यांच्या संस्थेने ‘पीक्यू’ नावाचे नवे प्रमाण ठरविले. त्यात १०,००० निटांपर्यंतचा उजेड नोंदता येतो. २०१५ साली त्यावर आधारलेली ‘एचडीआर १०’ ही पद्धत आली. तिच्यात पायऱ्या १०२४ झाल्या. २०१६ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन एस ह्या यंत्रांनी ही सोय खेळांत आणली. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स ही नंतरची यंत्रे तर तिच्यासकटच घरात येतात.

आता आजोबांच्या तक्रारीचे मर्म ध्यानात येईल. जुन्या पद्धतीच्या चित्राला ‘पांढरे म्हणजे अमुकच निट’ असे प्रत्यक्षात बंधन नसे. शंभर निटांसाठी रचलेले चित्र आपण संचाचा उजेड वाढवून तीनशे-चारशे निटांवर सहज पाहत असू. दिवाणखान्यात ऊन असले तरी ते फिके वाटत नसे. पीक्यू पद्धतीत मात्र प्रत्येक छटेचे माप ठरलेले आहे. साध्या पांढऱ्या कागदासारखा शुभ्र रंग सुमारे २०३ निटांवर दाखवावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यावरचा सारा पल्ला सूर्य, विजेचा लोळ, तलवारीच्या पात्यावरची तिरीप, दिव्याची ज्योत ह्यांसाठी राखून ठेवलेला असतो. म्हणजे भिंती, चेहरे, रस्ते हे चित्राचे सर्वसाधारण अंग पूर्वीपेक्षा मंद आणि मोजके ठिपके मात्र लखलखीत, अशी ही मांडणी आहे. अंधाऱ्या खोलीत ती डोळ्यांना सुखावते. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, उघड्या खिडक्या आणि खाली चकाकी आलेली शहाबादी फरशी असलेल्या आपल्या दिवाणखान्यात दुपारी बाराला तीच अंधारी वाटते. ह्यात आजोबांचे निरीक्षण चुकीचे नाही.

दुसरी गोष्ट संचाच्या ऐपतीची. प्रमाण १०,००० निटांचे असले तरी घरातील संच तेवढा उजेड देत नाहीत. चित्रपट बहुधा १००० किंवा ४००० निट डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेले असतात. चांगला संच पडद्याच्या लहानशा भागात सातशे-आठशे ते हजार-दीड हजार निट देतो, काही महागडे संच त्याहूनही अधिक देतात. स्वस्तातला संच तीनशेच्या आसपास थांबतो. मग हजार निटांचा सूर्य तीनशे निटांच्या पडद्यावर कसा दाखवावयाचा? त्यासाठी वरच्या छटा दाबून खाली आणाव्या लागतात. ह्या क्रियेस इंग्रजीत ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. आपण तिला छटांची फेरजुळणी म्हणू. चित्रपटाच्या बाबतीत ही फेरजुळणी संचच करतो, कारण चित्रपट आधीच तयार होऊन आलेला असतो. खेळाचे तसे नाही. खेळातील प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी यंत्रातच घडत असते. तेव्हा यंत्राला संचाची ऐपत ठाऊक असेल तर ते पहिल्यापासूनच त्या मापाचे चित्र घडवू शकते.

घोटाळा होतो तो येथेच. यंत्र आपल्या परीने छटा जुळविते, आणि त्यावर संच पुन्हा आपल्या परीने जुळवितो. एकाच आमटीत सासूनेही मीठ घालावे आणि सुनेनेही घालावे, तसा हा प्रकार. दोघींचाही हात चांगला, पण आमटी खारट! हे टाळण्यासाठी सोनी आणि मायक्रोसॉफ्ट ह्या यंत्र बनविणाऱ्या कंपन्या, संचांचे कारखानदार आणि खेळ रचणारे ह्यांनी २०१८ साली एकत्र येऊन ‘एचजीआयजी’ नावाचा गट स्थापन केला. त्याच्या सूचनांचे सार एका वाक्यात सांगता येईल: संचाने आपली कमाल व किमान मर्यादा प्रामाणिकपणे दाखवावी आणि जुळणीचे काम यंत्रावर सोपवावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तिचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी संच, मग यंत्र, शेवटी खेळ. हा क्रम उलटला तर पुढच्या पायरीवर केलेले काम मागच्या पायरीने पुसले जाते.

संचापासून आरंभ करावा. यंत्राची तार ज्या एचडीएमआय खाचेत लावली आहे, ती खाच एचडीआरचा पूर्ण संदेश घेण्यास मोकळी केलेली आहे काय, हे प्रथम पाहावे. अनेक संचांत ही सोय आरंभी बंद असते. एलजीच्या संचांत तिला ‘डीप कलर’, सॅमसंगच्या संचांत ‘इनपुट सिग्नल प्लस’ आणि सोनीच्या संचांत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ अशा नावांनी शोधावे. तार यंत्रासोबत आलेलीच वापरावी. मोठ्या चित्राला सेकंदाला १८ अब्ज अंशांची आणि नव्या पद्धतीच्या वेगवान चित्राला ४८ अब्ज अंशांपर्यंतची वाट लागते. जुनी तार तेवढे वाहू शकत नाही. मग पडदा लुकलुकतो किंवा एकाएकी काळा पडतो, आणि दोष नाहक संचावर येतो.

नंतर चित्राचा प्रकार ‘गेम’ ह्यावर ठेवावा. ह्याचा मुख्य लाभ उजेडाचा नसून वेळेचा आहे. इतर प्रकारांत संच चित्रावर नाना संस्कार करीत बसतो, त्यामुळे हातातील कळ दाबणे आणि पडद्यावर उडी दिसणे ह्यांत जाणवण्याइतके अंतर पडते. दुकानात डोळे दिपविणारा ‘व्हिव्हिड’ हा प्रकार घरी कामाचा नाही. वीज वाचविण्याच्या नावाखाली उजेड आपोआप कमी-जास्त करणारी योजना आणि ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ ही दोन्ही निदान जुळणीपुरती बंद करावीत. पायाच हलता असेल तर भिंत ओळंब्यात कशी यावी? धार वाढविणारी ‘शार्पनेस’ बेताची ठेवावी. रंगाची छटा ‘वॉर्म’ ह्या बाजूस असू द्यावी. पहिले दोन दिवस ती पिवळसर भासेल, परंतु चित्रे ज्या ६५०० केल्विन मापाच्या पांढऱ्यावर रचलेली असतात त्याच्या ती जवळची आहे.

ह्यानंतर संचातील छटांच्या फेरजुळणीची कळ शोधावी. एलजीसारख्या काही संचांत तेथे ‘एचजीआयजी’ असाच पर्याय लिहिलेला असतो, तो निवडावा. तसा पर्याय नसेल तर ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ बंद करावे. सोनीच्या काही ब्राव्हिया संचांना प्लेस्टेशन ५ आपोआप ओळखते आणि त्यांची मापे स्वतःच भरून घेते; तेथे पुढची बरीच खटपट वाचते.

काळ्या रंगाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण बहुतेकांची गफलत तेथे होते. जुन्या कृष्णधवल संचाला ‘ब्राइटनेस’ आणि ‘कॉन्ट्रास्ट’ अशा दोन गोल कळा असत. ‘ब्राइटनेस’ ह्या नावावरून ती उजेडाची कळ वाटे. वास्तविक ती काळ्या रंगाची पातळी ठरवी, आणि पांढऱ्याची पातळी ‘कॉन्ट्रास्ट’ ठरवी. काही नव्या संचांत ‘ब्राइटनेस’ म्हणजे पडद्यामागचा दिवा आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ अशी वेगळी कळ असते. काहींत जुनाच अर्थ चालू आहे. तेव्हा नावावर विसंबू नये. कळ फिरवून काय हलते ते पाहावे. गुहेतले दिसत नाही म्हणून काळ्याची पातळी चढवीत गेले तर काळे काळे राहत नाही, राखाडी होते आणि सारे चित्र धुरकटते.

बिदरच्या कारागिरांस हे पूर्वापार ठाऊक आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर ते नक्षी कोरतात, तीत चांदीची तार ठोकून बसवितात, आणि शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर ह्यांच्या लेपाने भांड्याचे अंग काळेभोर करतात. त्या लेपाने धातू काळा पडतो, चांदी मात्र तशीच राहते. चांदीची शोभा चांदी वाढवून आलेली नसते. भोवतीची जमीन खरी काळी झाल्यामुळे आलेली असते. पडद्याचेही तसेच आहे. काळे सांभाळले की मोजका उजेडही लखलखतो.

काळ्याच्या बाबतीत आणखी एक जुळणी तपासावी. यंत्राकडून येणारा रंगाचा संदेश ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ अशा दोन मापांचा असतो. एकात काळा शून्यापासून मोजतात, दुसऱ्यात सोळापासून. यंत्र एक माप धरून बोलत असेल आणि संच दुसरे धरून ऐकत असेल तर एक तर सावल्या गिळल्या जातात, नाही तर काळे पांढुरके होते. दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ ठेवणे बहुतेक घरी पुरेसे होते.

आता यंत्र. प्लेस्टेशन ५ मध्ये पडदा व चित्र ह्यांच्या विभागात ‘अॅडजस्ट एचडीआर’ ही जागा आहे. तेथे तीन पाट एकामागून एक येतात. पहिल्या दोहोंत शुभ्र भागावर सूर्याचे चिन्ह असते. एकदा लहान भागाचा कमाल उजेड आणि एकदा मोठ्या भागाचा कमाल उजेड मोजला जातो. चिन्ह जेमतेम दिसेनासे होईल तेथवर कळ न्यावी आणि थांबावे. त्यापुढे नेण्यात लाभ नाही. कारण चिन्ह पुसले गेले ह्याचा अर्थच असा की, संचाची ऐपत तेथे संपली. तिसरा पाट काळ्याचा आहे. तेथे उलट दिशेने जाऊन चिन्ह अगदी पुसट होईल तेथे ठेवावे. ओएलईडी पडद्यावर हे माप बहुधा तळाशीच जाते. ही मोजणी संध्याकाळी, ज्या उजेडात नेहमी खेळ होतो त्याच उजेडात करावी. त्याच विभागात ‘एचडीआर’ कायम चालू ठेवावे की खेळास सोय असेल तेव्हाच चालू व्हावे, असाही प्रश्न असतो. दुसरा पर्याय बरा. नाही तर जुन्या पद्धतीचे खेळही ओढूनताणून नव्या साच्यात बसविले जातात.

एक्सबॉक्समध्येही ‘कॅलिब्रेट एचडीआर’ ह्या नावाने अशाच पायऱ्या आहेत. संगणकावर खेळणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०२२ साली विंडोज ११ करिता ‘एचडीआर कॅलिब्रेशन’ नावाची विनामूल्य योजना दिली. तीही कमाल, किमान हीच मापे घेते. नाव काहीही असो, विचार एकच आहे: पडद्याच्या दोन्ही टोकांच्या खुणा यंत्राला दाखवून द्यावयाच्या.

शेवटी खेळ. काही खेळ यंत्राने घेतलेली मापे आपणहून वापरतात. तेथे काही करावे लागत नाही. इतर खेळांत तीन गोष्टी विचारल्या जातात. कमाल उजेड विचारला तर आपल्या संचाचा खरा आकडा सांगावा. हजाराच्या संचास चार हजार सांगितले तर मेघांतील रेषा नाहीशा होतात. ‘पेपर व्हाइट’ विचारले तर रात्रीसाठी दोनशेच्या आसपास आणि उजेडाच्या खोलीसाठी त्याहून काहीसे अधिक ठेवावे. आजोबांच्या तक्रारीवरचा खरा उतारा हीच कळ आहे, कारण चेहरे, भिंती, रस्ते हे चित्राचे सर्वसाधारण अंग तिनेच उजळते. तिसरी कळ काळ्याची. ती संचावर व यंत्रावर जुळली असेल तर येथे फारशी हलवू नये. मग खेळात अशी जागा शोधावी की, जेथे आतून बाहेर पाहता येते, गुहेचे तोंड किंवा खोलीची खिडकी. आतले दगड ओळखू येत असतील आणि बाहेरच्या ढगांना आकार असेल, तर माप जुळले असे समजावे.

एवढे करूनही चित्र मनास येत नसेल तर दोन शक्यता उरतात. एक, खोलीत उजेड फार आहे. पडदा ओढावा, संच खिडकीसमोर नसावा. आणि ते शक्य नसेल तर दिवसा संचाची आपोआप फेरजुळणी खुशाल चालू करावी. दुसरी शक्यता अशी की, संचास एचडीआरचा संदेश समजतो, पण तो दाखविण्याइतका उजेड त्यात नाही, आणि पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोयही नाही. खोक्यावरील तीन अक्षरे एवढेच सांगतात की, संदेश स्वीकारला जाईल. अशा घरी आमचा सल्ला स्पष्ट आहे: एचडीआर बंद करावे आणि खेळ जुन्या पद्धतीने पाहावा. तो अधिक चांगला दिसेल. त्यात कमीपणा काही नाही, आणि त्यासाठी नवा हप्ता बांधून घेण्याचीही गरज नाही. नवा संच घ्यावयाचाच झाला तर दुकानातील झगमगाटावर न जाता कमाल उजेड किती निट आणि दिवे भागाभागाने मंद होतात काय, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर टाळणाऱ्या दुकानातून उठून यावे.

आता राहिला घरातील समेटाचा प्रश्न. आपल्याकडे संच एकाचा नसतो. तो साऱ्या घराचा असतो. संध्याकाळी आजी-आजोबांच्या मराठी-कन्नड मालिका आणि बातम्या, रात्री मुलांचे खेळ. मुलांनी उजेडाच्या कळा फिरविल्या की वडिलधाऱ्यांचे चित्र बिघडते, अशी भीती असते. ती अनाठायी आहे. बहुतेक नव्या संचांत प्रत्येक खाचेची जुळणी निराळी राहते, आणि जुन्या व नव्या पद्धतीच्या चित्रांची मापेही निराळी साठविली जातात. सेट-टॉप बॉक्स एका खाचेत आणि खेळाचे यंत्र दुसऱ्या खाचेत लावावे. ‘सर्व खाचांना लागू करा’ असा पर्याय संच पुढे करील, तो नाकारावा. म्हणजे आजोबांचे चित्र आजोबांचे आणि नातवाचे नातवाचे.

एका लहानशा सवयीकडेही लक्ष वेधतो. रात्री झोपताना भिंतीवरील बटन बंद करण्याची आपल्या घरांची जुनी व चांगली रीत आहे. ओएलईडी संच मात्र रिमोटने बंद केल्यावर काही वेळ आतल्या आत पडद्याची दुरुस्ती करीत असतो. एकाच जागी तासन्‌तास राहणारी वाहिनीची मुद्रा किंवा खेळातील गुणफलक ह्यांचा डाग पडद्यावर पडू नये म्हणून ती आवश्यक असते. तेव्हा रिमोटने संच मालविल्यावर लगोलग बटन दाबू नये. थोडा वेळ जाऊ द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांची व मेंदूची. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानात ‘पोकेमॉन’ ह्या चित्रमालिकेच्या एका भागात लाल-निळ्या रंगांचे झपाझप झोत दाखविले गेले आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ते तर आजच्यापेक्षा कितीतरी मंद पडद्यांवर घडले. काही व्यक्तींस, विशेषतः लहान वयात, लुकलुकत्या प्रखर प्रकाशाने आकडी येऊ शकते. घरात कोणास फेफऱ्याचा त्रास असेल तर वैद्यांना विचारल्यावाचून असे खेळ लावू नयेत, आणि खेळाच्या आरंभी येणारी सूचना वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. इतरांनीही संपूर्ण अंधारात, पडद्याला नाक लावून बसू नये. संचामागे एखादा मंद पांढरा दिवा ठेवला तर चित्राचा काळा रंग बिघडत नाही आणि डोळ्यांवरचा ताण हलका होतो. मोतीबिंदूच्या आरंभी प्रखर ठिपक्यांभोवती वलये दिसतात आणि ती त्रास देतात. अशा वडीलधाऱ्यांच्या समक्ष कमाल उजेड थोडा उतरविणे हे यंत्राच्या शास्त्रात बसत नसले तरी घराच्या शास्त्रात बसते.

आपल्या भागास हे पडद्याचे शिक्षण नवे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या एका वर्षात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ उपग्रहाच्या साहाय्याने भारतात शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे होती. कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे तीन जिल्हे निवडलेले होते. सकाळी शाळेतील मुलांसाठी दीड तास आणि संध्याकाळी साऱ्या गावासाठी अडीच तास कार्यक्रम होत. एकाच चित्राबरोबर दोन भाषांतील ध्वनी पाठविण्याची सोय त्या उपग्रहात होती. १९७७ साली गुलबर्ग्यास प्रक्षेपणकेंद्रही आले. मुंबईसारख्या शहरात दूरचित्रवाणी येऊन अवघी काही वर्षे लोटली होती; अशा काळात आपल्या खेड्यांतील माणसे एका पडद्यासमोर अंगतपंगत बसल्यासारखी बसत. मागे बसलेल्यास दिसते की नाही, हे पाहूनच पुढच्याने पगडी उतरवावयाची, हा त्या बैठकीचा अलिखित नियम असे.

आज पडदा मोठा झाला, उजेड दसपट झाला, कळा दोनच्या वीस झाल्या. पण घरात बसून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची मापे निरनिराळीच आहेत, आणि ती कोणत्याही यंत्राला मोजता येत नाहीत. म्हणून आमची सूचना अशी की, येत्या सुट्टीत नातवाने ही जुळणी एकट्याने करू नये. आजोबांना शेजारी बसवावे, कळ आपल्या हाती ठेवावी आणि सूर्याचे चिन्ह केव्हा दिसेनासे झाले ते त्यांना विचारावे. अर्ध्या तासाचे काम आहे. संच तोच राहील, पैसा नवा लागणार नाही, आणि “अंधारंच दिसायलंय” हे वाक्य बहुधा त्या घरात पुन्हा ऐकू येणार नाही.